कॅमेरा उशिरा पाण्यात न्यावा

१९६९ साली न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ इथल्या मत्स्यालयासाठी जॉर्ज बार्गिबां समुद्रातून पंख्यासारखी पसरलेली प्रवाळं गोळा करत होते. त्यातला एक पंखा वर आणून न्याहाळताना त्यांना त्यावर जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचे समुद्रघोडे चिकटलेले दिसले. रंग पंख्याचा आणि अंगावरच्या गाठीही पंख्यावरच्या मिटलेल्या प्रवाळजीवांसारख्याच. पुढच्याच वर्षी त्या जातीला बार्गिबां यांचं नाव मिळालं. समुद्रात असताना हा प्राणी त्यांच्याही नजरेला पडला नव्हता. तो सापडला पाण्याबाहेर काढलेल्या पंख्यावर. नंतर अशा बुटक्या समुद्रघोड्यांच्या आणखी जाती उजेडात आल्या, पण त्यांची शोधकथा वेगळी आहे. २००३ साली नोंदल्या गेलेल्या एका जातीला डेनिस टॅकेट या पाण्याखालच्या छायाचित्रकार बाईंचं नाव आहे. २००८ साली नोंदलेल्या जातींपैकी एक सुलावेसीतल्या हेन्स पोंतोह या डाइव्ह गाइडच्या नावाची, तर आणखी एक सातोमी ओनिशी या गाइडच्या नावाची. एकाच प्रवाळभित्तीवर रोज उतरणाऱ्या, तिथला कोपरा न् कोपरा पाठ असलेल्या माणसांनी हे जीव शोधले. गाइड डाइव्हवर निघतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा कॅमेरा नसतो, हेही लक्षात घेण्याजोगं आहे.

उष्ण कटिबंधातल्या प्रवाळभित्तींवर स्कूबा डायव्हिंगला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यातल्या बहुतेकांना पाण्याखालचा फोटो हवा असतो. त्यात गैर काही नाही. मात्र कॅमेरा कधी हाती घ्यायचा, याचा विचार फारसा होत नाही. डाइव्हचं प्रमाणपत्र मिळालं की पुढची खरेदी कॅमेऱ्याच्या हाउसिंगची, म्हणजे जलरोधक कवचाची, असते. माझं म्हणणं असं, की ही घाई फोटोचंही नुकसान करते आणि प्रवाळाचंही, आणि दोन्ही नुकसानांचं मूळ एकच आहे.

आधी पाण्याचा स्वभाव पाहू. पाणी प्रकाशातले रंग एकेक करून गिळतं आणि सुरुवात लाल रंगापासून करतं. पाच-सहा मीटर खोलीवर लाल जवळजवळ नाहीसा होतो, त्यानंतर नारिंगी, मग पिवळा. पंधरा मीटरवर लालभडक प्रवाळ करड्या-निळ्या रंगाचं दिसतं आणि फोटोतही तसंच येतं. म्हणून छायाचित्रकार स्ट्रोब, म्हणजे बाहेरून जोडलेले फ्लॅशचे दिवे, वापरतो. पण स्ट्रोबच्या प्रकाशालाही विषयापर्यंत जाऊन पुन्हा लेन्सपर्यंत पाण्यातूनच यावं लागतं, त्यामुळे मीटर-दीड मीटरपलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही. त्यात पाण्यात तरंगणारे कण दिव्याने उजळतात आणि चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. झूम करून हे टळत नाही, कारण मधलं पाणी तेवढंच राहतं. उपाय एकच, जवळ जाणं. जमिनीवर वाघाचा फोटो शंभर मीटरवरून निघतो. पाण्याखाली बोटभर माशाचा फोटो हवा तर त्याच्यापासून हातभर अंतरावर जावं लागतं. त्यातही पाण्यात मास्कमधून वस्तू पाव हिश्श्याने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठ्या भासतात, त्यामुळे सवय नसलेल्याला अंतराचा अंदाज येत नाही.

आता या हातभर अंतरावर माणसाने स्थिर कसं राहायचं? पाण्यात स्थिर राहण्याचं सगळं तंत्र श्वासात आहे. श्वास घेतला की शरीर किंचित वर जातं, सोडला की खाली येतं. अंगातल्या जाकिटात किती हवा भरायची, कमरेला किती वजन बांधायचं, हे त्यानंतरचं. एक गोष्ट नवख्यांना क्वचितच कुणी समजावून सांगतं. पृष्ठभागापासून दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि हवेचं आकारमान निम्मं. तितकाच फरक पुन्हा पडायला तिथून आणखी वीस मीटर खाली जावं लागतं. म्हणजे तोल सांभाळायला सगळ्यात अवघड पट्टा पहिल्या दहा मीटरचाच, कारण तिथे मीटरभर वरखाली झालं तरी जाकिटातल्या हवेचा फुगवटा झपाट्याने बदलतो. उजेड, रंग आणि प्रवाळाची गर्दी सर्वात जास्त असते तीही याच पट्ट्यात, आणि नवखे उतरतात तेही इथेच. अशा माणसाच्या दोन्ही हातांत कॅमेरा दिला आणि नजर पडद्याला खिळवली की श्वासाचं भान पहिल्यांदा सुटतं. मग मागे फिन्स कशाला लागताहेत हे त्याला कळतही नाही.

याला मोजमापांचा आधार आहे. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया बेटावर बार्कर आणि रॉबर्ट्स या संशोधकांनी ३५३ डायव्हर्सचं निरीक्षण करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ तीन चतुर्थांश डायव्हर्सचा प्रवाळभित्तीला कुठे ना कुठे स्पर्श झाला. कॅमेरा नसलेल्यांचा मिनिटाला सरासरी ०.१ वेळा, तर कॅमेरा असलेल्यांचा ०.४ वेळा, म्हणजे चौपट. तासाभराच्या डाइव्हमध्ये हा फरक सहा आणि चोवीस असा होतो. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त बोलका वाटतो. उतरण्याआधी बोटीवर ‘प्रवाळाला हात लावू नका’ असं एका वाक्यात सांगून पाहिलं, त्याचा काहीही परिणाम झाला नाही. पाण्याखाली चूक घडताक्षणी गाइडने मध्ये पडून थांबवलं, तेव्हा मात्र स्पर्श स्पष्टपणे कमी झाले. सूचनांचे फलक आणि प्रतिज्ञापत्रं यांवर विसंबणाऱ्या प्रशासनाने हे नीट वाचायला हवं. फांद्यांची प्रवाळं वर्षाला काही सेंटिमीटर, फार तर वीतभर वाढतात; गोलसर, दगडासारखी दिसणारी पोराइटिससारखी प्रवाळं वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर. एका फटक्यात तुटलेला तुकडा भरून यायला किती काळ लागेल, याचा हिशेब यावरून मांडता येईल.

यावर अनुभवी छायाचित्रकार एक आक्षेप घेतात आणि तो टाकाऊ नाही. ते म्हणतात, कॅमेऱ्यामुळेच तर आम्ही बघायला शिकलो. कॅमेरा नसलेला डायव्हर तासाभरात अख्खी भित्ती पोहून जातो. आम्ही तेवढ्या वेळात दोन चौरस मीटर बघतो. हे खरं आहे, पण मुरलेल्या छायाचित्रकाराबद्दल खरं आहे. त्याला तोल सांभाळायचा विचारच करावा लागत नाही, म्हणून त्याचं सगळं लक्ष समोरच्या जिवाकडे राहतं. नवख्याचं लक्ष कॅमेऱ्याची बटणं, हवेचा काटा आणि हलणारं शरीर यांत वाटलं जातं. उरलेल्या लक्षात फक्त मोठं आणि भडक तेवढंच शिरतं.

प्रवाळभित्तीवर बघण्यासारखं बहुतेक सगळं मात्र वागणुकीत असतं, आणि वागणूक दिसायला वेळ द्यावा लागतो. हिंद आणि प्रशांत महासागरातल्या भित्तींवर निळ्या पट्ट्याचा, बोटाएवढा सफाई मासा ठरावीक जागी वस्ती करतो. त्याच्या जागेशी मोठमोठे मासे येऊन थबकतात, कुणी डोकं खाली करून, कुणी कल्ले उघडून, कुणी रंग फिका करून, आणि शनिवारी सकाळी न्हाव्याच्या दुकानात बसावं तसे आपली पाळी येईतो थांबतात. सफाई मासा त्यांच्या अंगावरचे, तोंडातले, कल्ल्यांतले परजीवी टिपतो. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटावर अलेक्झांड्रा ग्रटर यांनी केलेल्या मोजणीत एक मासा दिवसाला सरासरी बाराशेच्या वर परजीवी खातो असं आढळलं. ही जागा एकदा ओळखता आली की छायाचित्रकाराला कुणाच्या मागे धावावं लागत नाही. थोडं दूर, तळापासून वर स्थिर राहिलं तर गोबऱ्यासारखा बुजरा मासाही लेन्ससमोर तोंड उघडून उभा राहतो. घाईने जवळ गेलं तर गिऱ्हाईक पळतं आणि सफाई माशाचा धंदाही बसतो. इथे आणखी एक गंमत आहे. हुबेहूब सफाई माशासारखाच रंग आणि पोहण्याची तीच लय असलेला एक ठग मासा याच भित्तींवर राहतो. जवळ आलेल्या माशाच्या परांचा लचका तोडून तो पसार होतो. ओळखायची खूण तोंडाची: सफाई माशाचं तोंड टोकाला असतं, ठगाचं खालच्या बाजूला. दोघांचा फोटो सारखाच सुंदर येईल, पण आपण कशाचा फोटो काढला हे ठाऊक नसेल तर हातात उरतो तो नुसता निळा पट्टा.

वाळूच्या कडेला असंच दुसरं बिऱ्हाड असतं. गोबी नावाचा छोटा मासा बिळाच्या तोंडाशी पहारा करतो आणि जवळजवळ आंधळी असलेली पिस्तूल कोळंबी आतून वाळू उपसून बाहेर टाकते. बाहेर असताना तिची एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि दोघं आत. डायव्हर येताच मासा बिळात शिरतो, म्हणून बहुतेकांना ही कोळंबी कधी दिसतच नाही. हळूहळू श्वास सोडत, बुडबुड्यांचा आवाज कमी ठेवत काही मिनिटं वाट पाहिली की आधी मासा येतो, मग कोळंबी. जोकर माशाचंही तसंच आहे. ॲनिमोनच्या विषारी बोटांत डोकावणारा नारिंगी मासा टिपला की बहुतेक जण पुढे सरकतात. पण पायथ्याशी खडकावर अंड्यांचा थर असेल तर नर त्यांच्यावर परांनी पाणी मारत असतो, गटातला सगळ्यात मोठा मासा मादी असतो, आणि ती मेली तर तोच नर मादी बनतो. हे माहीत असलेला माणूस लेन्स वर धरत नाही, पायथ्याकडे वळवतो.

दुसरा आक्षेप फ्लॅशचा. डोळ्यांवर पापण्या नसलेल्या माशासमोर प्रखर दिवा चमकवणं क्रूर आहे असं सहज वाटतं, आणि काही मत्स्यालयांत व अभयारण्यांत फ्लॅशवर बंदीही असते. पुरावा मात्र वेगळं सांगतो. ऑस्ट्रेलियात समुद्रघोड्यांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लॅशमुळे त्यांच्या हालचालीत किंवा जागेवर टिकून राहण्यात फरक दिसला नाही. मार्टेन डी ब्राउवर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली तळाशी राहणाऱ्या माशांवरचे निष्कर्ष मांडले. फ्लॅशचा परिणाम नुसत्या डायव्हरच्या उपस्थितीपेक्षा जास्त नव्हता आणि माशांच्या डोळ्यांच्या पडद्यांतही इजा आढळली नाही. सर्वात तीव्र प्रतिक्रिया उमटली ती प्राण्याला हाताने किंवा काठीने हलवलं तेव्हा. यावरून फ्लॅश सर्वत्र निर्धोक आहे असा अर्थ काढू नये. संध्याकाळी जोडीने वर उसळून मीलन करणाऱ्या मँडरिन माशांवर पांढऱ्या टॉर्चचा झोत पडला तर खेळ तिथेच मोडतो, म्हणून जाणकार लाल दिवा वापरतात. पण सगळा रोष फ्लॅशवर काढण्यात एक सोय आहे. दिव्यावर बंदी घालता येते, हातावर लक्ष ठेवावं लागतं.

आणि हाताचा पुरावा फोटोत राहतो. निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपस निवांत असतो तेव्हा मळकट पिवळा, जवळजवळ अदृश्य असतो. कडी लखलखतात ती धोका वाटल्यावर. त्याच्या दंशातलं विष माणसाचा जीव घेऊ शकतं, म्हणजे हा इशारा लटका नाही. फुगलेला, काटे उभे राहिलेला केंड ज्या फोटोत दिसतो, त्या फोटोच्या चौकटीबाहेर बहुधा कुणाचा तरी हात असतो. उघड्या वाळूवर पाठीमागे काळं पाणी घेऊन एकटाच उभा असलेला समुद्रघोडा बघितला की तो तिथे स्वतःहून आला का, ही शंका घ्यावी. नामांकित स्पर्धांचे परीक्षक हल्ली अशा खुणा शोधून प्रवेशिका बाद करतात, ते योग्यच आहे. सामान्य प्रेक्षकानेही ही नजर कमवायला हरकत नाही. समाजमाध्यमांवर वाहवा करण्याआधी दोन सेकंद पुरतात.

इथे गाइडवर खापर फोडणं सोपं आहे, कारण टोकदार सळई त्याच्या हातात असते. पण सळई हलते ती पाहुण्याच्या अपेक्षेमुळे. उत्तर सुलावेसीतली लेंबे सामुद्रधुनी, फिलिपिन्समधलं अनिलाओ, दाउइन अशा ठिकाणी काळ्या वाळूवरचे विचित्र जीव बघायला जगभरातून छायाचित्रकार येतात. आग्नेय आशियातल्या या पर्यटनाची वार्षिक उलाढाल १५ कोटी डॉलरच्या घरात असल्याचा अंदाज २०१७ साली मांडला गेला. या पैशातून जे घरोघरी पोचतं त्यात बक्षिशीचा वाटा असतो आणि बक्षिशी मिळते ती प्राणी दाखवल्याबद्दल, हव्या त्या कोनात दाखवल्याबद्दल तर जास्तच. ‘हलवू नकोस, असू दे तसाच’ ही खूण पाहुण्याने स्वतः केली तर गाइडला फार बरं वाटतं, असं या व्यवसायातले लोक सांगतात. अशी खूण करायला पाहुण्याला आधी कळावं लागतं, की न हलवलेल्या प्राण्याचा फोटो जास्त मोलाचा आहे.

मराठी वाचक म्हणेल, हे सगळं लेंबेला जाणाऱ्यांसाठी ठीक. आम्ही मालवणला, गोव्याला किंवा अंदमानच्या स्वराज द्वीपावर आयुष्यात एकदा वीस मिनिटं पाण्यात उतरणार, त्यात कॅमेरा उशिरा म्हणजे कधी? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर या सहलींच्या रचनेतच आहे. प्रमाणपत्र नसलेल्या पाहुण्याला प्रशिक्षक मागून धरून नेतो. तोल पाहुण्याच्या ताब्यात नसतोच. फोटो किंवा व्हिडिओ दुसरा कर्मचारी काढतो. नवख्याच्या हातात कॅमेरा न देण्याची ही पद्धत, हेतू धंद्याचा असला तरी, योग्यच आहे. बिघडतं कुठे, तर फोटोत मासे दाटीने यावेत म्हणून खाऊ टाकला जातो किंवा पाहुण्याच्या तळहातावर तारामासा ठेवला जातो तेव्हा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालापासून आहे, आणि प्रवाळांना व समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. म्हणून पैसे देण्याआधी पाहुण्याने एवढंच विचारावं: मासे खायला घालून बोलावता का? ज्यांना स्वतःच फोटो काढायचे आहेत त्यांनी आधी स्नॉर्केल लावून वरून तरंगत बघावं. नेत्राणी किंवा अंदमानच्या उथळ पाण्यात त्यातूनही पुष्कळ दिसतं आणि फिन्स प्रवाळापासून दूर राहतात. कोर्स केलाच, तर तळापासून हातभर वर, हात छातीशी बांधून, पाय न हलवता काही मिनिटं एका जागी राहता येईपर्यंत कॅमेरा बोटीवर राहू द्यावा. डाइव्हची संख्या मोजून परवानगी देण्यापेक्षा ही परीक्षा खरी, कारण पन्नास डाइव्ह करूनही हे न जमणारी माणसं असतात.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जड आहे. समुद्र तापतो आहे. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ अशा तीन जागतिक विरंजनांनंतर, म्हणजे उष्म्याने प्रवाळं पांढरी पडण्याच्या घटनांनंतर, चौथं सुरू असल्याची घोषणा एप्रिल २०२४मध्ये झाली. लक्षद्वीपमधल्या दीर्घ अभ्यासात १९९८पासूनच्या चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळाचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलेलं आढळलं. अशा वेळी डायव्हरच्या फिन्सचा हिशेब कशाला? कारण उष्म्याने झोडपलेली भित्ती सावरते ती नव्याने रुजलेल्या, नखाएवढ्या प्रवाळांपासून. फिन्सच्या फटक्याने ती जातात, आणि समुद्राचं तापमान आपल्या हाती नसलं तरी फिन्स आहेत. दुसरं असं, की या घसरणीची नोंद ठेवायला संशोधकांची संख्या कधीच पुरणार नाही. ती उणीव डायव्हर्सचे फोटो भरून काढू शकतात. क्वीन्सलंड विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या कोरलवॉच उपक्रमात प्रवाळाशेजारी रंगपट्टी धरून त्याचा फिकेपणा मोजतात. पाणी रंग गिळत असल्याने नुसत्या फोटोवरून हे ठरवता येत नाही. पट्टी आणि प्रवाळ एकाच पाण्यातून दिसतात म्हणून तुलना शक्य होते. मांटा पाखटांची ओळख पोटावरच्या ठिपक्यांवरून पटते. व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके जुळवायला तर खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या नकाशांसाठी बनवलेली गणिती पद्धत २००५ साली बेतून घेतली गेली, आणि जगभरच्या पर्यटकांच्या फोटोंमधून एकेका शार्कचा वर्षानुवर्षांचा प्रवास जुळवला जातो. त्यासाठी लागतो तो समोरून काढलेला आ वासलेला जबडा नव्हे. कल्ल्यांच्या फटींमागचा डाव्या कुशीचा पट्टा, शार्कला समांतर पोहत, सरळ बाजूने टिपलेला, तारीख आणि ठिकाणासकट हवा असतो. मागून पाठलाग करणाऱ्याला तो मिळत नाही, कारण शार्क तेवढ्यात खोल पाण्यात बुडी मारते.